पाणी पेट्रोलात नव्हतंच

मंडळी, तालमीच्या फळ्यावर आज कुस्तीचं नाही, माझंच लिहितोय.

सकाळी कुरुंदवाडला गेलतो. आण्णांच्या नावेचं इंजिन पुन्हा अडखळत होतं. गेल्या महिन्यात मी ते न खोलता, नुसतं कानानं ऐकून "पेट्रोलात पाणी हाय" असं ठोकून दिलतं. या कानांवरच मी मिस्त्री झालो, मग खोलतोय कशाला! आण्णांनी त्याच दिवशी नावाडी भैरूला, पेट्रोल चोरून वर पाणी ओततो म्हणून, चोर ठरवून भर घाटावर चपलेनं मारलं आणि हाकललं.

आज दोन्ही प्लग काढले. एक कोरडा, दुसऱ्यावर पाण्याचे थेंब. पेट्रोलात पाणी असतं तर दोन्ही भिजले असते. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडलं, तर त्याच बाजूचं पॅकिंग फाटलेलं. इंजिन गार ठेवायला आत फिरणारं नदीचं पाणी तिथून झिरपत होतं.

"आण्णा, भैरूनं काय केलं न्हाय. चूक माझी हाय."

आण्णा हसले. "हळू बोला की, मिस्त्री! चोराला बडवला म्हणून गाव मला वचकून हाय. पॅकिंग बदला आणि चला."

भैरू दहा पायऱ्या वर बसून बघत होता. मी पॅकिंग बदललं आणि मान खाली घालून त्याच्या शेजारनं निघून आलो.

उद्या कुणी कुरुंदवाडला जाणार असाल, तर पाणी पेट्रोलात नव्हतंच, एवढं भैरूला सांगाल का? माझं नाव घेतलं नाही तरी चालेल.