खुरसापुढचे हरभरे

गोराईला जायचं तर मधे खाडी लागते, हे सेलिनाने मला फोनवर सांगितलं नव्हतं. पाण्याला मी भिते. श्रीरामपूरजवळच्या आमच्या गावात पाणी म्हणजे पाटाचं, तेही कधी सुटलं तर. एसटीने बोरिवलीला उतरले, रिक्षाने धक्क्यावर आले, तर समोर होडी. माणसं, मोटरसायकली आणि कोंबड्यांचा एक पिंजरा एवढं सगळं घेऊन निघायच्या बेतात. मी दोन पावलं मागे सरले. होडीवाला म्हणाला, "या मावशी, बुडालो तर सगळे मिळून बुडू." आणि हाताला धरून त्याने मला आत घेतलंच.

पलीकडे पोहोचेपर्यंत मी डोळे मिटून बाविसावं स्तोत्र, 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास', म्हणायला लागले होते, मग घाबरून 'परमेश्वर माझा मेंढपाळ' हे तेविसावं धरलं. डोळे उघडले तेव्हा काठाला तिवरांची हिरवी झाडी होती, दूर एक सोनेरी घुमट चमकत होता आणि मागे बोरिवलीचे टॉवर उन्हात धुरकट दिसत होते. एवढ्याशा पाण्याने मुंबई इतकी मागे पडते हे मला खरं वाटेना.

सेलिना आणि मी एका मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकलो. ती इकडची कॅथलिक. ईस्ट इंडियन म्हणवतात हे लोक, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, शेती-मासेमारी करणारे, घरात मराठी बोलणारे. मी प्रोटेस्टंट. ती येशूच्या आईपुढे, मारियेपुढे, मेणबत्ती लावायची, मी तिला मूर्तिपूजक म्हणायचे, आणि मग आम्ही दोघी एकाच ताटात जेवायचो. आता दोघी निवृत्त, दोघी विधवा. यंदा तिचा फोन आला, "शालू, मे महिन्यात माझ्या घराची संध्याकाळ आहे. ये गो बाय. नंतर दोघींपैकी कोण हलेल सांगता येत नाय."

तिच्या पाखाडीचं (वस्तीचं) नाव मी लिहीत नाही. तिथे तिला अजून राहायचं आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांबूंवर बोंबील वाळत होते. सेलिना दारात उभी होती, वजनाने दुप्पट, दम्याने अर्धी. आत पाऊल टाकते तो खिडकीत बिअरच्या बाटल्यांची रांग. बाई एकटी राहून बाटलीला लागली, असा निकाल मी चपला काढता काढताच देऊन टाकला. मग तिने एक बूच उघडून नाकाशी धरलं आणि मला शिंकाच शिंका. बाटली मसाला होता तो. इकडे उन्हाळ्यात मिरच्या-धणे कुटून वर्षाचा मसाला असा बाटल्यांत ठासून ठेवतात. सेलिना हसून हसून खोकायला लागली. मीही हसले. त्या मुक्कामातलं आमचं हसणं तेवढंच.

जेवायला फुगे (तळलेले गोडसर मैद्याचे गोळे) आणि सुक्या बोंबलाचं कालवण होतं. वाढत होती तिची मुलगी जोविता. ती मुलुंडला राहते, बँकेत काम करते. दोन वर्षांमागे तिने कोर्टात लग्न केलं, एका घटस्फोट झालेल्या माणसाशी. त्याची पहिली बायको हयात आहे, तेव्हा चर्चच्या लेखी हे लग्नच नव्हे. जोविताला कम्युनियन, म्हणजे उपासनेत वाटतात ती पवित्र भाकर, मिळत नाही. ती चर्चमध्ये मिस्साला (रविवारच्या उपासनेला) मागे बसते आणि लोक रांगेत पुढे जातात तेव्हा गुडघे बाजूला घेऊन त्यांना वाट देते. हे तिने मला भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

आता संध्याकाळ म्हणजे काय ते सांगते. पाखाडीच्या मधोमध दगडी खुरीस (क्रूस) आहे. मे महिन्यात रोज एकेक घर त्याला फुलांनी सजवतं, त्या घरची लेक किंवा सून पुढे उभी राहून लितानी म्हणते, म्हणजे मारियेचं एकेक नाव घेते, आणि सगळी पाखाडी एका सुरात उत्तर देते. मग त्या घराने सगळ्यांना उकडलेले हरभरे वाटायचे. हरभरे कमी पडले तर घराची लाज जाते. सेलिनाने घरातलं सगळ्यात मोठं पातेलं भरून भिजत घातले होते. दोन वर्षांत जोविता पहिल्यांदाच माहेरी राहायला आली होती आणि सेलिनाला तिला खुरसापुढे उभी करायची होती. नवऱ्याला मुद्दाम आणलं नव्हतं, गावाच्या डोळ्यांत नको म्हणून.

दुपारी फिलूकाका आले. पाखाडीतल्या प्रार्थनेचं सगळं ते बघतात. स्वच्छ सदरा, हळू आवाज. त्यांनी चहा घेतला, माझी विचारपूस केली आणि मग म्हणाले की जोविताने संध्याकाळी घरात थांबावं, म्हणजे सगळे येतील. सेलिनाने विचारलं की कम्युनियनचा नियम तिला ठाऊक आहे, पण खुरसापुढे उभं राहू नये हा नियम कुठला. फादरनी सांगितलाय का? फिलूकाका म्हणाले की फादरनी नाही, पण एकीला उभी केली तर उद्या बाकीच्या पोरींना काय सांगायचं.

"तुझ्या पोरीच्या भल्यासाठीच बोलतोय मी," ते म्हणाले.

"फिलू, तुझी आय अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्या बेडसोरचं ड्रेसिंग कोण करत होतं?"

"ते मी विसरलो नाय, सेलिना. म्हणून तर स्वतः सांगायला आलो."

खरंच त्यांना तसं वाटत होतं. ते दुष्ट असते तर मला बरं वाटलं असतं. ते गेल्यावर जोविता म्हणाली की ती थांबेल घरात, त्यात काय एवढं. सेलिना हरभरे चुलीवर चढवत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "तू उभी राहशील," एवढंच म्हणाली.

ऊन कलल्यावर आम्ही मोगऱ्याच्या माळा खुरसाला गुंडाळल्या, मेणबत्त्या लावल्या, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. माणसं नव्हती असं नाही. समोरच्या ओट्यांवर सगळी बसलेली होती, बायका लसूण सोलत, पुरुष मोबाइल बघत. जोविताने सुरुवात केली. "प्रभाततारे," ती म्हणाली, आणि सेलिनाने एकटीने उत्तर दिलं, "आम्हांसाठी विनंती कर." पुढचं नाव, पुन्हा सेलिना. मी हात मांडीवर ठेवून गप्प. आमच्यात मारियेला विनवणं म्हणजे पाप. लहानपणापासून शिकलेलं, वयाने थोडंच सुटतं?

मग सेलिनाला ढास लागली. जोविता म्हणाली, "पाप्यांच्या आश्रया," आणि थांबली. कोणी बोललं नाही. ज्यांना ते उत्तर झोपेतही देता आलं असतं असे चाळीसएक लोक हाकेच्या अंतरावर बसून होते. फिलूकाकांच्या बायकोचे ओठ सवयीने हलले, नवऱ्याने तिकडे पाहिलं, आणि मिटले. सेलिना एका हाताने छाती धरून दुसऱ्या हाताने लेकीला सांगत होती, म्हण, पुढे म्हण. पण उत्तराशिवाय पुढे कसं जाणार? लितानी तशी म्हणताच येत नाही.

"आम्हांसाठी विनंती कर," मी म्हणाले.

चाल चुकली असणार. जोविताने माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं नाव घेतलं. शेवटपर्यंत उत्तर मी दिलं. मला वाटलं होतं, परक्या गावची, परक्या पंथाची म्हातारी बोलतेय हे पाहून एखादा तरी उठेल. एक आजी उठल्या. आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

हरभरे आम्ही तिघींनी त्या रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसून खाल्ले. सेलिनाने विचारलं, "मीठ बरोबर आहे ना गं?" मी म्हटलं, बरोबर आहे.

सकाळी सेलिना आम्हाला होडीवर सोडायला आली. तिने मला मसाल्याची एक बाटली दिली आणि हरभऱ्यांची गच्च भरलेली पिशवी. पातेलं जवळजवळ तसंच उरलं होतं. होडी सुटल्यावर जोविता माझ्या शेजारी येऊन बसली. "आंटी, मी आता येणार नाही," ती म्हणाली. "मी नसते तर मम्मीकडे सगळे आले असते." मी तिला समजवायला तोंड उघडलं, पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं. सेलिना धक्क्यावर हात हलवत होती. तिला अजून हे ठाऊक नव्हतं. या खेपेला मी पाण्याला भ्यायचंच विसरले.

घरी येताना वाटेत सिन्नरच्या स्टँडवर पिशवी उघडली तर हरभऱ्यांना आंबूस वास. कुत्र्यापुढे टाकले, त्यानेही हुंगून सोडून दिले.

प्रवासवर्णन इथे संपायला हवं होतं. पण आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) प्रवासाहून आलेल्या माणसाने साक्ष द्यायची रीत आहे. देवाने वाटेत काय दाखवलं ते स्त्रियांच्या सभेत उभं राहून सांगायचं. मी सांगितलं. सगळं सांगितलं, अगदी रंगवून, त्या गावाला नावं ठेवत. आपली मंडळी अशी नाही हे केवढं बरं, असंही म्हणाले. 'आम्हांसाठी विनंती कर' पर्यंत आले तेव्हा बायकांच्या माना खाली गेल्या होत्या. शेवटी 'आमेन' कोणी म्हटलं नाही.

दोन दिवसांनी आमच्या चर्चचे पाळकसाहेब घरी आले. मुलाच्या वयाचे आहेत, माझ्याच हाताखाली रविवारच्या शाळेत शिकलेले. चहा घेतला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मग म्हणाले की पुढच्या रविवारी उभं राहून, ती चूक झाली एवढं एक वाक्य बोला. तोवर प्रभुभोजन (आमच्याकडचं कम्युनियन) घेऊ नका आणि मुलांचा वर्गही राहू द्या. मी विचारलं, दम लागलेल्या बाईचं वाक्य पुरं करणं ही चूक का?

"मावशी, तुमच्या भल्यासाठीच सांगतोय," ते म्हणाले. सदरा त्यांचाही स्वच्छ होता.

मी उभी राहिले नाही. रविवारी भाकरीचं ताट आलं, तेव्हा शेजारणीला ते घेता यावं म्हणून मी मागे रेलले आणि जोविताचे गुडघे आठवले. सेलिनाला यातलं काही कळवलेलं नाही. ती परवा फोनवर म्हणाली की जोविता हल्ली फोन उचलत नाही, कामात असेल. मी म्हटलं, असेल. खाडीच्या अलीकडे काही वेगळं असेल असं मला इतकी वर्षं कशावरून वाटत होतं, कोण जाणे. आता रागही येत नाही. नुसतं बसून राहावंसं वाटतं.

उद्या घरसभा माझ्याकडे आहे. दर आठवड्याला एकेका घरी प्रार्थना असते, ठरल्याप्रमाणे उद्या माझं घर. येणार नाही असं कोणी म्हटलेलं नाही, येतो असंही नाही. खुर्च्या पुसून ठेवल्या आहेत. सेलिनाच्या मसाल्याचे हरभरे करायचं ठरवलं होतं. आत्ता डबा काढला, मोठं पातेलं काढलं आणि किती घालावेत ते कळेना. मग पातेलं परत ठेवलं आणि वाटीत मूठभर भिजत घातले.