ओरेस्टच्या खुर्चीत कोण बसलं

कॅनडातल्या रेजायनात नोव्हेंबरात कलिंगड हवं असेल तर दुकानदाराशी आधीपासून गोड बोलून ठेवावं लागतं. मार्लिस प्रोकोपचुक ते काम सप्टेंबरातच उरकून टाकी. आतला गर काढायचा, कड घासून गुळगुळीत करायची, कानांपुरती खाच ठेवायची. तिने कोरलेलं कलिंगड डोक्यावर असं घट्ट बसे की मैदानावरचा वारासुद्धा त्याला हलवू शकत नसे. आपला हिरवा संघ घरच्या मैदानावर फुटबॉल खेळत असताना डोक्यावर कलिंगड घालून बसायचं, यात हसण्यासारखं काय आहे ते तिला कधी कळलं नाही. बाहेरगावचे लोक हसत. हसेनात का, थंडी त्यांनाही वाजतेच.

दर सामन्याला ती तीन कलिंगडं कोरी. एक स्वतःचं. एक ओरेस्टचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं. आणि तिसरं ओरेस्टच्या पलीकडे बसणाऱ्या डेल फ्रीसनचं, कारण डेलच्या हातात सुरी दिली की तो आधी बोट कापी आणि मग कलिंगड. डेलच्या डोक्याचं माप तिने फार पूर्वी सुतळीने घेतलं होतं. डोकं काही वाढत नाही, असं ती म्हणे.

ओरेस्टला जाऊन तीन वर्षं झाली होती. धान्याच्या कोठारावर आयुष्य काढलेला, कमी बोलणारा माणूस. लग्न झालं त्या वर्षी दोघांनी या दोन खुर्च्या घेतल्या आणि दर वर्षी पैसे भरून राखल्या. तो गेल्यावर लेक टॅनिस म्हणाली, "आई, रिकाम्या खुर्चीचे पैसे कशाला भरतेस?"

"रिकामी कुठंय? त्याचं कलिंगड असतं ना तिच्यावर."

लेकीने पुढे वाद घातला नाही. मार्लिसशी वाद घालून फारसं कुणाला काही मिळालेलं नव्हतं. उभी हयात तिने शाळेची पिवळी बस चालवली. हिमवादळात गाडी रुतली तर चाळीस पोरांना गाणी म्हणायला लावून मदत येईपर्यंत शांत बसणारी बाई ती. पण एक खोड होती. तिला कुलूप लावायचा कंटाळा. घराची किल्ली कुंडीखाली, गाडीची किल्ली गाडीत. कुणी काही नेलं नाही, म्हणून खोड सुटली नाही.

त्या रांगेची एक रीत होती. कुणाला सामन्याला येता आलं नाही तर तिकीट बाजारात काढायचं नाही. रांगेत सांगायचं, आणि रांगेतल्या कुणाच्या तरी ओळखीच्या, हिरव्या मनाच्या माणसाला छापील किमतीत द्यायचं. विनिपेगवाल्यांना, म्हणजे शेजारच्या प्रांतातल्या जुन्या वैऱ्यांना, तर नाहीच नाही. निळ्या-सोनेरी कपड्यातला विनिपेगवाला आपल्या रांगेत बसणं म्हणजे जेवणाच्या ताटात कुणीतरी बूट ठेवावा तसं. एकदा कुणाच्या तरी जावयाने तिकीट बाहेर विकलं, तर मागच्या रांगेतल्या बर्नाडेटने त्या सासऱ्याला अख्खा मोसम कोको दिला नाही. बर्नाडेटच्या थर्मासमधला कोको मिळाला नाही की आपण रांगेतून उठलो, हे सगळ्यांना कळे.

मग तिकिटं फोनवर आली. मार्लिस वैतागली. डेल तिच्या स्वयंपाकघरात बसला, बटाट्याच्या पिरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, आणि वर तळलेला कांदा खात खात त्याने तिच्या फोनवर सगळं बसवून दिलं.

"पासवर्ड काय ठेवू?"

"ओरेस्ट. आणि पुढे त्याच्या आवडत्या खेळाडूचा नंबर."

"अगं, हा तर मी झोपेतही ओळखला असता."

"मग बरंच झालं. मी विसरले तर तू सांगशील."

दोघंही हसली. डेलने शेवटची पिरोगी उचलली.

त्या साली साखळीतला शेवटचा, निर्णायक सामना घरच्या मैदानावर आला, तोही विनिपेगशी. मार्लिसने तिन्ही कलिंगडं आदल्या दिवशीच कोरून ठेवली होती. सकाळी लॉइडमिन्स्टरहून जावयाचा फोन आला. टॅनिसला कळा सुरू झाल्या होत्या, दिवस भरायच्या बरेच आधी. मार्लिसने बॅगेत हाताला लागतील ते कपडे कोंबले आणि डेलला फोन लावला.

"तू नीघ. इकडचं मी बघतो," डेल म्हणाला. "माझी पुतणी येईल जवळच्या मूस जॉ गावाहून, नवऱ्याला घेऊन. ती तर वेडी आहे या संघाची. तुझे पैसे आत्ताच पाठवतो. फोनवरचंही मीच करतो, तू गाडी चालव."

"आणि ओरेस्टचं कलिंगड?"

"ते तर खुर्चीवर ठेवणारच. पुतणीचा नवरा बसताना मांडीवर घेईल. शब्द दिला."

ती गाडी काढत होती तेव्हा डेल येऊन दोन कलिंगडं घेऊन गेला, एक त्याचं आणि एक ओरेस्टचं. जाताना त्याने तिच्या गाडीच्या काचेवरचं बर्फ हाताने पुसलं. हे तिला नंतर फार आठवत राहिलं.

नात झाली. चिमणीएवढी, पण आवाज खणखणीत. युक्रेनी घरांत आजीला बाबा म्हणतात, त्यामुळे मार्लिस त्या दिवशी बाबा झाली. तिला काचेतून पोर दाखवली, आई बरी आहे म्हणून सांगितलं, आणि मग नर्स म्हणाली, "बाबा, आता तुम्ही जरा बसा. बाहेर टीव्हीवर सामना चाललाय."

ती बसली. नर्सने दिलेला चहा हातात होता. हिरवे पुढे होते. कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला आणि मार्लिसला आपली रांग दिसली. बर्नाडेटची लाल टोपी दिसली. आणि तिच्या दोन खुर्च्यांत दोन आडदांड निळे पुरुष दिसले. एक जण ओरेस्टच्या खुर्चीवर बूट रोवून उभा होता. त्याच्या हातात ओरेस्टचं कलिंगड होतं, उलटं धरलेलं, आणि त्यात ओतलेली बिअर तो पीत होता. कॅमेऱ्याकडे बघून त्याने ते उंचावलं. समालोचक खळखळून हसले.

पण मार्लिस त्याच्याकडे बघतच नव्हती. ती बघत होती डेलकडे. डेल शेजारी होता, डोक्यावर तिने कोरलेलं कलिंगड, नजर समोर. त्याच्या खांद्याला खांदा लावून एक विनिपेगवाला ओरडतोय आणि डेल एकदाही मान वळवत नाही. हे कोण, असं विचारायला आपण मान वळवतो. जो वळवत नाही त्याला माहीत असतं.

तरी तिने त्याची बाजू घेतली, म्हणजे मनातल्या मनात. पुतणीने विकलं असेल. चूक झाली असेल. माणूस इतक्या वर्षांच्या शेजाऱ्याला सहजासहजी टाकत नाही.

सामना हिरव्यांनी जिंकला. थोड्या वेळाने बर्नाडेटचा फोन आला. अभिनंदनाचा असेल म्हणून मार्लिसने हसत उचलला.

"मुलगी की मुलगा?"

"मुलगी."

"छान. मार्लिस, गरज होती तर आम्हाला सांगायचंस गं. आम्ही वर्गणी काढली असती. विनिपेगवाल्यांना कशाला विकायचं?"

"मी नाही विकलं."

"मी त्या बैलाला म्हटलं, चुकीच्या जागी बसलायस. त्याने फोन दाखवला. त्यावर लिहिलं होतं, मार्लिस पी. यांनी तुम्हाला दोन तिकिटं पाठवली आहेत. तुझंच नाव होतं, बाई. कुठल्याशा विक्रीच्या साइटवरून घेतली म्हणाला, आणि दिले किती ते फुशारकीने सांगत होता."

"बर्नाडेट, माझं ऐक—"

"आम्ही मनाला लावून नाही घेतलं. डेलनेच समजावलं सगळ्यांना. म्हणाला, तिला काही बोलू नका. लेकीचं बाळंतपण आहे, खर्च असेल, एकटी बाई आहे. समजून घ्या."

मार्लिसने फोन खाली ठेवला. इथे बाळंतपणाला दवाखाना एक सेंट घेत नाही. बर्नाडेटची स्वतःची चार पोरं अशीच झाली होती. तरी तिला ते पटलं. अख्ख्या रांगेला पटलं. डेलने नुसता तिचा केसाने गळा कापला नव्हता, वरून तिला माफही करून टाकलं होतं. त्या माफीने ती जास्त जळाली.

तिने डेलला फोन केला नाही. फोनवर माणूस तोंड लपवतो, तिला तोंड बघायचं होतं.

पुढच्या रविवारी उपांत्य सामना होता, पुन्हा घरच्याच मैदानावर. मार्लिस परतली, दुकानदाराला गाठलं आणि तीन कलिंगडं कोरली. तिसरं कोरताना हात थांबला होता. मग तिने सुतळी न काढताच कोरलं. माप पाठ होतं.

मैदानाबाहेर गाड्यांच्या मागे लोक सॉसेज भाजत होते. डेलही भाजत होता. तिला बघून त्याने हातातला चिमटा खाली ठेवला.

"बाबा झालीस म्हणे. अभिनंदन."

"पुतणी कुठंय, डेल?"

तो इकडेतिकडे बघू लागला. "तिला सर्दी झाली आयत्या वेळी. मग मी म्हटलं, वाया जातील. सहज साइटवर टाकली, तर लोक काय वाट्टेल ते द्यायला तयार. एवढे कोण सोडतं?"

"माझ्या नावाने टाकलीस."

"तिकिटं तुझ्याच नावावर होती ना. आणि तुला तुझी छापील किंमत मिळाली की. तुझं काय गेलं?"

मार्लिसला क्षणभर हिंदी की चिनी, असली कुठलीशी भाषा ऐकल्यासारखं झालं. शब्द कानावर पडत होते, अर्थ लागत नव्हता.

"कलिंगड मी ठेवलं होतं खुर्चीवर," डेल घाईने म्हणाला. "शब्द पाळला. त्यांनी उचललं त्याला मी काय करू?"

"रांगेला खरं सांग."

"आता? मार्लिस, त्या माझ्या थडग्यासारख्या घरात दुसरं आहे काय? ही रांगच आहे. ते मला उठवतील. तुझ्यावर त्यांचा राग नाही, मी सगळं सावरून घेतलंय. दोन सामन्यांत विसरतील."

त्याचे डोळे खरंच भरून आले होते. तिला त्याची कीव आली, आणि कीव आली याचा संताप आला. ती वळली आणि आत गेली.

रांगेतून आपल्या जागेकडे जाताना पूर्वी गुडघे आपोआप बाजूला होत आणि कुणी ना कुणी तिच्या कलिंगडावर टिचकी मारी. आज गुडघे बाजूला झाले, टिचकी कुणी मारली नाही. "ये ये, बस," असं पाहुण्याशी बोलतात तसं बोलले. तिने ओरेस्टच्या खुर्चीवरचा सुकलेला बिअरचा डाग हातमोज्याने घासला, कलिंगड ठेवलं. डेल येऊन बसला. तिने तिसरं कलिंगड त्याच्या हातात दिलं. त्याने ते घेतलं, डोक्यावर घातलं. फिट्ट बसलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू आलं.

मागे बर्नाडेट कोको ओतत होती. कप सगळ्यांकडे गेले. मार्लिसकडे आला नाही.

"डेल," मार्लिस म्हणाली. आवाज बसमध्ये शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "तुझ्या पुतणीला आवडला का रे गेल्या वेळचा सामना? माझ्या खुर्चीतून नीट दिसलं ना तिला?"

डेलचा कप ओठांशी थांबला. "हो," तो म्हणाला. तोंडातून निघून गेलं. "आवडला तिला."

बर्नाडेट पुढे वाकली. "कुठली पुतणी?"

डेल मैदानाकडे बघत राहिला, तशी बर्नाडेट आणखी वाकली.

"त्या खुर्च्यांत दोन बैल होते. कुठली पुतणी, डेल?"

डेलने कप खाली ठेवला. मग डोक्यावरचं कलिंगड दोन्ही हातांनी काढलं, ते आपल्या खुर्चीवर ठेवलं आणि कुणाचे गुडघे बाजूला होण्याची वाट न बघता अडखळत रांगेबाहेर गेला. पुढे तो त्या मैदानावर कुणाला दिसला नाही.

लगेच बर्नाडेटचा हात मार्लिसच्या खांद्यावर आला, कोकोचा कप पुढे आला. "अगं, आम्हाला काय माहीत. नाव तुझं होतं ना."

"हो, नाव माझंच होतं."

ती कोको प्याली. गरम होता, एवढंच कळलं. टिचक्या मारायला हात पुढे येत होते, कुणी नातीचा फोटो मागत होतं. तिने दाखवला. याच लोकांनी ओरेस्टची शवपेटी खांद्यावर घेतली होती. आणि यांतल्या एकानेही फोन उचलून विचारलं नव्हतं, की मार्लिस, हे खरं आहे का? डेलने एकदाच फसवलं, पण या सगळ्यांनी विश्वास ठेवायला सामना संपेपर्यंतही वेळ घेतला नव्हता. सामना कोण जिंकतंय याकडे तिचं लक्ष लागलं नाही.

घरी येऊन तिने टॅनिसला फोन लावला. पासवर्ड बदलायचा होता, कसा ते माहीत नव्हतं. लेक एकेक पायरी सांगत गेली. मागे पोर रडत होती.

"आता जुना पुसून टाक, आई."

मार्लिसने ओरेस्टचं नाव एकेक अक्षर करून पुसलं. चौकट रिकामी झाली.

"नवा काय टाकतेयस? बाळाचं नाव टाक. नाहीतर मला सांगून ठेव, विसरलीस तर?"

"विसरले तर विसरले," मार्लिस म्हणाली. तिने एक शब्द टाकला आणि लेकीलाही सांगितला नाही. मग ती बाहेर गेली आणि कुंडीखालची किल्ली काढून आणली.