अर्जंट घंटी कोणाची?

निरोप कोणाचा ते म्या इचारलंच न्हाई! हातात रिसीव्हर, काखंत लेकरू. नारायणभाऊची यष्टी जाऊन तास झालता.

ताडकळसला आमच्याच घरात गावचा फोन हाय. सातवी पास म्हणून सासऱ्यानं मला बसवलं. नंबर सांगितला की लगेच बोलणं, असं नसतंय. एक्सचेंजला ट्रंक कॉल बुक करायचा, रिसीव्हर ठेवायचा, आपली भाकर थापायची. लाईन लागली की तेच उलटी घंटी देतेत. लोक फोनला भितेत, म्हणून बोलते मीच.

त्या दिवशी आधी नारायणभाऊनं बुक केला. बायको परभणीला एका दवाखान्यात, बाळंतपणाला. मागून केरबामामा. त्यांच्या लेकीचं त्याच दवाखान्यात ऑपरेशन. त्यांनी अर्जंट लावला. अर्जंट रांग सोडून पुढं जातो, हे मला ठावं होतं. पण घंटी वाजली अन् लेकरानं भोकाड पसरलं. एक्सचेंजवाला काय म्हणला, ऐकलंच न्हाई. दवाखान्यातून एवढंच, "ताडकळस का? तुमच्या पेशंटला रक्त पायजे. दोन माणसं लगेच धाडा." कट.

पहिला कॉल नारायणभाऊचा, तर पहिला निरोप बी त्याचाच, असं म्या धरलं. तो भावाला घेऊन रडतच यष्टीकडं पळाला. केरबामामा ओट्यावरच.

"अर्जंट म्हणतेत, अन् बैलगाडीनं येतोय का गं?"

"येईल मामा, बसा."

तासानं दुसरी घंटी. "नारायणचा ऑर्डिनरी लागला, बोला." मुलगी झाली, दोघी खुशाल.

म्हंजे रक्ताचा निरोप केरबामामाच्या लेकीचा होता! सासऱ्यानं आत बोलावलं. "चुकलं म्हणलीस तर फोन जाईल घरातून. निरोप आत्ताच आला म्हण."

"अन् त्या पोरीला काय झालं तर?"

"मग उभी काय राहिलीस? सांग लवकर!"

म्या सांगितलं. तास गेला ते सांगितलं न्हाई. मामा कोणाच्या तरी फटफटीवर गेले. 

सांजच्याला नारायणभाऊ उतरला. म्हणलं, आता शिव्या. तो म्हणला, "तिथं गेल्यावर कळलं रक्त कोणाला पायजे. आलोच होतो, मग आमी दोघांनी हात पुढं केले. पोरगी वाचली, वहिनी."

चार दिसांनी केरबामामा खणाचं कापड घेऊन आले. "सूनबाई, लय हुशार तू. मला घोर नको म्हणून मी निघायच्या आधीच नारायणला रक्त द्यायला धाडलंस!" नारायणभाऊ शेजारी उभा, मिशीत हसायलता.

आता घंटी वाजली की आधी नाव इचारते, मग निरोप. पण ते कापड तसंच पेटीत हाय, शिवायला हात होईना. तुमी असता, तर मामाला खरं सांगितलं असतं का?