चादरींच्या घड्या

तिचं नाव मी विचारलं नाही. मी मढचा कोळी, वजन दीडशे किलो. हर्निया चालू देईना, आणि दोन डॉक्टरांनी "आधी बारीक व्हा" म्हणून परत पाठवलेलं. ही कांदिवलीच्या हॉस्पिटलातली भूल देणारी डॉक्टर, वजनानं माझ्या निम्मीही नसेल. तिनं तोंड उघडायला लावलं, मान चाचपली.

"काका, झोपवल्यावर श्वासाची नळी गेली नाही तर जिवावर बेतेल. जागेपणीच घालते. घसा बधिर करीन. जमेल?"

"तू घाल. मी हलणार नाही."

टेबलावर श्वास मोकळा राहावा म्हणून ती माझ्या डोक्याखाली, खांद्यांखाली चादरींच्या घड्या सारत राहिली. तिथली कामवाली मावशी कुरकुरली, "मॅडम, कपाट रिकामं झालं. यांनाच बारीक व्हायला सांगा ना."

"वजन त्यांचं आहे. सोय करायचं काम आपलं," ती म्हणाली, आणि माझा कान छातीच्या रेषेत येईपर्यंत थांबली नाही. वाळूवर ओढताना आम्हीही होडीखाली फळ्या टाकतो, होडीला बारीक हो म्हणत नाही.

नळी नाकातून उतरली. डोळ्यांतून पाणी आलं, पण मी हललो नाही.

ऑपरेशन होऊन बरा झाल्यावर त्या दोन्ही डॉक्टरांच्या दवाखान्यात मुद्दाम चालत गेलो. वजन तेवढंच होतं.