हापशीला लाल रंग

नोकरीत कधी कुणाचा चहासुद्धा फुकट प्यालो नाही, हे चारचौघांत सांगायची मला भारी हौस. मग त्याच तोंडाने हेही सांगायला हवं.

संग्रामपूर तालुक्यातल्या एका खारपाणपट्ट्यातल्या गावात मी ग्रामसेवक होतो. तिथल्या हापशीच्या पाण्याचा नमुना नापास झाला. नियमाने हापशीला लाल रंग द्यायचा आणि गावात दवंडी पिटायची. पण मग पंचायतीला लाल कार्ड मिळतं, आणि लाल कार्डवाल्या ग्रामसेवकाला तालुक्याच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं करतात. मला उभं राहायचं नव्हतं. फेरतपासणीची बाटली मी वरवट बकालला एका हॉटेलच्या नळावर भरली. हिरवं कार्ड आलं. पंचायतीच्या फळ्यावर मी स्वतः लिहिलं, ‘हापशीचे पाणी पिण्यास योग्य’. अक्षर माझं चांगलं आहे.

महिनाभराने एका यादीवर सही घ्यायला हापशीशेजारच्या घरी गेलो. सुनेने खुर्ची दिली, पाण्याचा गिलास पुढे केला. माझा हात अडखळला.

“प्या साहेब, कॅनचं हाये,” ती म्हणाली. “तुमाले हापशीचं सोसत नसन, म्हनून शेजारून आनलं.”

तिच्या सासऱ्यांच्या किडन्या खराब झालेल्या, हे गावाला ठाऊक होतं. त्यांच्यासाठी घरी कॅन यायचा. मी त्याचं विचारलं.

“बंद केला. तुमी फळ्यावर लिहिलं तवापासून बुढ्यालेबी हापशीचंच देतो.”

आमच्याकडचं सगळंच पाणी खारट. त्यातलं कोणतं प्यावं, हे जिभेला कळत नाही, कागदावरच कळतं. तिने माझ्या कागदावर विश्वास ठेवला होता. समोर बाजेवर म्हातारे सुजलेले पाय लांब करून बसले होते. मला भयंकर लाज वाटली. गिलास मात्र मी रिकामा केला, सही घेतली आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळा पुसला आणि माझ्याच हाताने हापशी लाल केली. ती घागर घेऊन आली.

“काऊन लाल केली साहेब? चांगलं होतं न पानी.”

“वरून आदेश आला,” मी म्हणालो.

वरून कुणी चकार शब्द काढला नव्हता.

“बरं झालं तुमी लगेच सांगतलं,” ती म्हणाली, आणि रिकामी घागर घेऊन सासऱ्यांचा तांब्या ओतून टाकायला घरात गेली.