हात वर जायचा ती जागा

काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशींना खाद्य घालत होतो. घशाच्या कॅन्सरने काका गेले आणि मी तसल्याच पेशी जगवत होतो... रडू नंतर आलं, आधी लाजच वाटली.

काका ब्रह्मा घाटावरच्या आमच्या मराठी गल्लीत यजुर्वेद शिकवत. आमच्या परंपरेत स्वर तोंडाने म्हणतात आणि हातानेही दाखवतात. गुरूच्या हाताबरोबर शिष्याचा हात वर-खाली होतो. लहानपणी मीही तसाच शिकलो आणि पुढे विज्ञानाकडे वळलो. घरात सगळ्यांना वाटे, हा काकांना बरं करणार. कसलं बरं करणार! मला नुसतं समजावता येत होतं. कॅन्सर होतो कसा, असं काकांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "डीएनएची अक्षरं तीच राहतात, काका. काहींवर स्वरांसारख्या खुणा असतात, त्याला मिथायलेशन म्हणतात. कॅन्सरला आवर घालणाऱ्या जनुकांवर नको तिथे खुणा बसल्या की ती गप्प होतात. पेशी विभागताना डीएनएचा नवा धागा कोरा असतो. पण एक प्रथिन जुन्या धाग्यावरची खूण ओळखतं, दुसरं नव्यावर तिथेच खूण करतं."

"मतलब चूकसुद्धा इमानदारीनं पुढे चालते," काका घोगऱ्या आवाजात म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं, एका मंत्रात खाली यायला हवा तिथे त्यांचा हात वर जायचा. गल्लीतल्या एका वृद्ध वैदिकांनी टोकलं होतं, काकांना पटलंही होतं. पण शिष्यांना सांगायची लाज वाटली.

शस्त्रक्रियेत आवाज गेला, तेव्हा त्यांनी खुणेनेच पट्टशिष्य दत्तूला बोलावून घेतलं आणि तो मंत्र म्हणायला लावला. ती जागा आली, काकांनी हात खाली नेला. दत्तूला वाटलं, अशक्तपणानं पडला. त्यानं तो अलगद उचलून वर धरला.

"असंच ना, गुरुजी? तुम्ही दिलंत तसंच आहे, बिल्कुल."

काकांनी पुन्हा खाली नेला, त्याने पुन्हा उचलला. मग काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला फक्त दोन शब्द बोलायचे होते. पण शिष्यासमोर काकांची चूक कशी काढायची... मी खिडकीबाहेर बघत राहिलो. शरम वाटते लिहिताना.

काकांच्या खोलीत आता दत्तू शिकवतो. सांगून टाकायचं ठरवूनच मी जातो आणि कोपऱ्यात बसतो. ती जागा येते, सगळे हात वर जातात... त्यांच्याबरोबर माझाही जातो.