गाडी पाहायला चार माणसं

“गाडी घेऊन राह्यली म्हणजे आता काही येत नाई हे,” आई कुजबुजली.

तिने फोनवर तळहात ठेवला होता. असं केलं की आवाज पलीकडे जात नाही, अशी तिची पक्की समजूत. मला दिसत होता फक्त लालसर अंधार. ऐकू मात्र सगळं येत होतं.

मी आयर्लंडमध्ये, एका म्हाताऱ्या बाईंच्या अंगणात, त्यांच्या जुन्या निळ्या गाडीजवळ उभी होते. आमच्या कामरगावात जुनी गाडी कुणी एकट्याने पाहत नाही, चार माणसं जातात. मोठेबाबांनी, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाने, धनजहून जीप आणली तेव्हा तर शेजारीही गेले होते. म्हणून बाबा, मोठेबाबा आणि आई फोनमधून आले होते. चौथी मी.

आईचा हात निघाला.

“दार आपट,” मोठेबाबा म्हणाले. “जोरात! चोरी करून राह्यली का?”

मी दार आपटलं. बाई दचकल्या. मी त्यांना सॉरी म्हणाले.

“स्टिअरिंग उजवीकडंच हाय, आपल्यासारखं,” बाबा खूश झाले. “बरं झालं. दोन वर्षांनं इकडं आली का सवय नाई मोडत.”

मी मान हलवली. माझी नोकरी कायम झाली होती, मी इथेच राहायचं ठरवलंही होतं. तरी दर रविवारी फोनवर ‘दोनच वर्षं’ म्हणत होते. गाडी कशाला, तर बस वेळेवर येत नाही, एवढंच सांगितलं होतं.

“त्या बुढीले विचार, विकून काहून राह्यली?” मोठेबाबा म्हणाले.

मी विचारलं. उत्तर ऐकल्यावर ते मराठीत सांगावंसं वाटेना. शाळेत असल्यापासून घरात इंग्रजीचा अर्थ सांगायचं काम माझ्याकडे. त्यातलं सोयीचं तेवढंच सांगायलाही मी तेव्हाच शिकले. या वेळी जमलं नाही.

“मुलीकडं राहायले चालल्या. कायमच्या.”

फोन पुन्हा लालसर झाला.

“नशीबवान हाय बुढी,” आईचा आवाज.

“चूप बस, तिले ऐकू जाईन,” बाबा.

“हात ठेवला ना मी.”

बाई किल्ली हातात धरून माझ्याकडे पाहत होत्या. मी त्यांच्याकडे पाठ केली.

“आई,” मी म्हणाले, “तुया हाताखालून मले सारं ऐकू येते. अन् तू म्हनली थे खरं हाय. मी नाई येऊन राह्यली वापस.”